चौदातले पाच : आपल्या घरांचा आरोग्याचा हिशोब



मागच्या महिन्यात रविवारच्या वंदनेनंतर आमच्या विहारात बाया बसल्या होत्या. मी सहज विचारले, ''तुमच्या आजीला, पणजीला किती लेकरे झाली? त्यातली किती जगली?'' बाया बोटांवर मोजू लागल्या. नऊ झाली, चार जगली. सात झाली, तीन जगली. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी म्हणाल्या, ''माह्या सासूले अकरा झाले, जगले तीन. बाकीच्याइचे तं नाव बी ठेवले नव्हते. वर्ष काढलं तरच नाव ठेवत.''

सगळ्या गप्प झाल्या. मग नर्सिंगला असलेल्या एका मुलीने विचारले, ''पण मॅडम, एवढी लेकरे मेली कशाने?''

त्या प्रश्नाचे उत्तर या महिन्याच्या आरोग्य पानावर देते आहे. कारण लेकरे कशाने मेली हे कळले, तर ती कशाने जगली हे कळते. आणि ते कळले, तर आपल्या हातातले काय निसटू द्यायचे नाही, हेही कळते.

बाबासाहेबांच्या घरची नोंद

इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८३७ ते १९०१ गादीवर होती. नागपूरचे भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केले. म्हणजे आपल्या शहराची जवळजवळ पन्नास वर्षे त्या राणीच्या अमलात गेली. आपल्या खापरपणज्या त्याच काळातल्या. त्यांच्या घरची नोंद कोणी ठेवली नाही. पण त्या काळातले एक घर आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली. त्यातले तीन मुलगे आणि दोन मुली एवढेच मोठे झाले. चौदावे अपत्य १४ एप्रिल १८९१ ला महूच्या लष्करी छावणीत जन्मले, ते आपले बाबासाहेब. ते पाचेक वर्षांचे असताना भीमाबाई गेल्या.

हे घर उपाशी नव्हते. रामजींना सैन्यात पगार होता, लिहितावाचता येत होते, दारूचे व्यसन नव्हते. तरी चौदातले नऊ गेले. मग ज्या घरात पगार नव्हता, अक्षर नव्हते, गावकुसाबाहेर झोपडी होती, तिथे काय झाले असेल ते आपणच समजावे.

पुढची पिढी बघा. बाबासाहेब आणि रमाई यांना पाच अपत्ये झाली. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चारही लहानपणीच गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. एकटे यशवंतराव जगले. बाप बॅरिस्टर, परदेशी शिकलेला, आणि तरी चार लेकरे पुरावी लागली. रमाई १९३५ मध्ये गेल्या.

माझ्या घरचेही सांगते. माझ्या आजीची नऊ बाळंतपणे, चार जगली. आईची पाच, आम्ही चौघे जगलो. मला दोन मुले, दोन्ही धडधाकट. चार पिढ्यांत एवढा फरक पडला. तो आपोआप पडला नाही आणि नवसाने तर मुळीच पडला नाही.

सरासरीचा अर्थ

१९०१ च्या सुमाराला भारतातल्या माणसाचे सरासरी आयुर्मान चोवीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. हा आकडा ऐकून पुष्कळांना वाटते, की त्या काळी माणसे चोविसाव्या वर्षी म्हातारी होऊन मरत. तसे नाही. साठी-सत्तरीची माणसे तेव्हाही होती. पण जन्मलेल्या दर चार-पाच लेकरांतले एक पहिला वाढदिवस पाहत नव्हते, म्हणून सगळ्यांची सरासरी खाली येत होती. सरासरी आयुर्मान वाढले, यातला मोठा वाटा लेकरे वाचल्याचा आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. राणीच्या स्वतःच्या देशातही गरिबाची गत अशीच होती. एडविन चॅडविक नावाच्या अधिकाऱ्याने १८४२ मध्ये अहवाल लिहिला. लिव्हरपूल शहरात सुखवस्तू घरांतल्या लोकांचे मरणाचे सरासरी वय ३५ होते आणि मजुरांच्या घरांत १५. शहर तेच, हवा तीच. फरक होता तो घराचा, पाण्याचा, नालीचा आणि पोटातल्या अन्नाचा. आपल्याकडे त्यात जात मिसळली.

पाणी

आता दिवसाची सुरुवात जिथून होते तिथूनच सुरुवात करू.

१८५४ मध्ये, म्हणजे नागपूर खालसा झाले त्याच वर्षी, लंडनमध्ये पटकीची साथ आली. आपल्याकडे म्हातारी माणसे पटकीला हैजा म्हणतात. डॉ. जॉन स्नो यांनी कोणत्या घरात मृत्यू झाले ते नकाशावर मांडले आणि बहुतेक मृत्यू एका हातपंपाभोवती आहेत हे दाखवले. त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. पुढे १८८४ मध्ये कोलकात्यात काम करताना रॉबर्ट कॉख यांना पटकीचा जंतू एका तलावाच्या पाण्यात सापडला. त्याच तलावावर लोक आंघोळ करत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत.

म्हणजे विज्ञानाने सांगितले, की रोग देवीच्या कोपाने येत नाही, घाण पाण्याने येतो. स्वच्छ पाणी द्या, लेकरे वाचतील. पण ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवायलाच बंदी, त्याला हे ज्ञान काय कामाचे?

बाबासाहेबांनी लिहून ठेवलेली लहानपणची एक आठवण आहे. साल १९०१, म्हणजे राणी मेली तेच वर्ष. रामजी दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली. मसूर स्टेशनावर उतरल्यावर जात कळली तसा कोणी गाडीवान गाडी हाकायला तयार होईना. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. सोबत डबा होता, पण पाणी नव्हते. वाटेत जे पाणी दिसले त्यात शेणमूत मिसळलेले होते. रात्री नाक्यावर पाणी मागितले, तेही मिळाले नाही. डबा असून मुले उपाशी झोपली.

आपण ही गोष्ट अपमानाची म्हणून सांगतो, ती आहेच. नर्स म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चांगले पाणी नाकारलेल्या माणसापुढे दोनच वाटा उरत. तहानेने तळमळा, नाही तर डबक्यातले प्या. आपल्या वस्त्यांत हैजा, हगवण, विषमज्वर अधिक होण्याचे कारण आपली घाणेरडी राहणी, असे सांगितले गेले. खरे कारण आपल्यासाठी राखलेला पाणवठा घाण होता.

म्हणून जोतिराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही आरोग्याचीही घटना आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली, ती माणुसकीची लढाई होतीच, पण तिच्यात लेकरांच्या जिवाचाही प्रश्न होता. त्या तळ्याचा न्यायालयातला निकाल लागायला १९३७ उजाडले.

नागपुरात अंबाझरीचा तलाव भोसल्यांच्या काळचा. इंग्रजी अमलात त्याचे पाणी नळाने शहरात आले. आज पेंच आणि कन्हानचे पाणी आपल्याकडे येते. पण नळ आला म्हणजे शुद्ध पाणी आले असे नाही. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या गल्लीत एकापाठोपाठ एक घरात जुलाब सुरू झाले. पाइप नालीतून गेला होता आणि फुटला होता. नळ बंद असला की नालीचे पाणी आत ओढले जाई. आधी तोंडी तक्रारी झाल्या, काही हलले नाही. मग आम्ही जॉन स्नोचीच युक्ती केली. वहीत गल्लीचा नकाशा काढला, कोणत्या घरात किती आजारी त्याच्या खुणा केल्या आणि पस्तीस बायांच्या सह्यांनिशी अर्ज देऊन पोच घेतली. पाइप बदलायला सात आठवडे लागले, पण बदलला. त्या नकाशासमोर कोणी म्हणू शकले नाही, की तुमच्या घरातच घाण आहे.

जुलाबावरचा उपायही आपल्याच काळातला आहे. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मिसळलेले पाणी तोंडाने पाजायला सुरुवात केली. शंभरातले वीस ते तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. तेच आजचे ओआरएस. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आपल्या आजीजवळ मीठ होते, गूळ होता, पाणीही होते. फक्त ही माहिती नव्हती. तेव्हा ती जगात कोणाजवळच नव्हती.

बाळंतपण

त्या काळी बाळंतपण म्हणजे अंधारी खोली, जुन्या चिंध्या आणि नाळ कापायला विळा नाहीतर बांबूची पाती. सुईणीचे काम पुष्कळ ठिकाणी आपल्याच समाजातल्या बायांकडे असे. जिच्या हातचे पाणी चालत नसे, तिच्या हातात बाळ मात्र चाले! त्या सुईणी अनुभवी होत्या, मायाळू होत्या. पण हाताला चिकटलेला जंतू डोळ्यांना दिसत नाही. नाळेतून धनुर्वात शिरे आणि आठवड्याच्या आत लेकरू आकडी येऊन जाई. बाळंतिणीला ताप भरे, त्याला बाहेरची बाधा म्हणत.

हे केवळ आपल्याकडे होते असे नाही. व्हिएन्नाच्या मोठ्या दवाखान्यात डॉ. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये डॉक्टरांना जंतुनाशक पाण्याने हात धुवायला लावले, तसे बाळंतिणींचे मरण झपाट्याने कमी झाले. तरी त्यांच्याच बरोबरीच्या डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. शिकलेली माणसेही अंधश्रद्धेइतकीच सवयीला धरून बसतात.

भारतात बायकांच्या दवाखान्यांसाठी लेडी डफरिन फंड १८८५ मध्ये निघाला. नागपुरातही मेयोबरोबर बायकांसाठी डफरिन दवाखाना होता. पण एवढ्या मोठ्या मुलखात एक-दोन दवाखाने कोणाला पुरणार? मेडिकल कॉलेज तर १९४७ मध्ये सुरू झाले. खेड्यातल्या बाईपर्यंत दवाखाना पोचायला स्वातंत्र्यानंतरही काही दशके गेली.

आज महाराष्ट्रात शंभरातली चौऱ्याण्णवहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात. गरोदर बाईला धनुर्वाताची सुई मिळते. बाळंतपणातून माता-बाळांना होणारा धनुर्वात देशात आटोक्यात आल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. मी नर्सिंगचा डिप्लोमा केला तेव्हा वॉर्डातल्या जुन्या सिस्टर धनुर्वाताच्या बाळांच्या अंधाऱ्या खोलीच्या आठवणी सांगत. आजच्या मुली तो आजार फक्त पुस्तकात वाचतात.

आता या बदलामागे कायदा कुठे आहे ते बघा. गिरणीत काम करणारी बाई पोटुशी राहिली की दिवस भरेपर्यंत उभी राही, नाही तर काम जाई. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मुंबईत १९२९ मध्ये आणि आपल्या मध्य प्रांतात १९३० मध्ये प्रसूती लाभाचा कायदा झाला. पुढे १९६१ मध्ये सगळ्या देशासाठी झाला.

आणि २० जुलै १९४२ नागपूरकरांनी विसरू नये. त्या दिवशी आपल्या शहरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. कामगार बायांना पगारी रजा मिळावी, इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हातारपणी पेन्शन मिळावी, असे ठराव झाले. बाबासाहेबांनी बायांना स्वच्छता ठेवा, मुलींना शिकवा, लग्नाची घाई करू नका, फार लेकरे होऊ देऊ नका, असे सांगितले. त्याआधी १९३८ मध्ये त्यांच्या पक्षाने संततिनियमनाचा ठराव मुंबई कायदेमंडळात मांडला होता. ज्यांनी स्वतः चार लेकरे गमावली, त्यांचे ते बोल होते.

गिरणीचा भोंगा

१ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले. त्याच दिवशी नागपुरात जमशेटजी टाटांची कापड गिरणी सुरू झाली, म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल. आपल्यातल्या पुष्कळ घरांची शहरातली कहाणी त्या भोंग्यापासून सुरू होते. गावकीचे काम, मेलेली ढोरे ओढणे, बलुत्याचे तुकडे हे सोडून आपली माणसे रोख पगारावर आली.

पण पगाराबरोबर नवे दुखणे आले. कापसाची धूळ छातीत बसे. १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला, त्यात सात वर्षांखालच्या मुलाला कामाला लावू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच होते. मोठ्या माणसाच्या तासांना मर्यादाच नव्हती. उजेड असेतो काम. जोतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवली. आज आपण रविवारी विहारात जमतो, त्या सुट्टीमागे ही लढाई आहे.

गिरणीतही जात होतीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नसे. खरे तर एकाच धोट्याला अनेकांनी तोंड लावणे सगळ्यांच्याच आरोग्याला वाईट. जंतूची भीती कोणाला वाटली नाही, विटाळाची वाटली!

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणण्याचे विधेयक आले आणि १९४६ मध्ये त्याचा कायदा झाला. पुरेशी झोप, जेवायला वेळ, लेकरांना वेळ, यालाही औषधच म्हणतात. आज एम्प्रेस मिल नाही, २००२ मध्ये तिला कुलूप लागले. आपली मुले कुरिअरच्या दुचाकीवर, कंत्राटी सफाईत, बांधकामावर बारा-बारा तास राबतात, ना सुट्टी ना विमा. राणीच्या काळातले तास मागच्या दाराने परत येत आहेत, हे आरोग्य पानावरही सांगायला हवे.

साथीचे दिवस

त्या काळातली म्हातारी माणसे चेहऱ्यावर देवीचे वण घेऊन फिरत. पुष्कळांचे डोळे जात. रोगाचे नावच देवी, म्हणून उपाय नवस आणि कोंबडे. एडवर्ड जेन्नर यांनी लस १७९६ मध्येच शोधली होती आणि मुंबईत १८०२ मध्ये पहिले लसीकरण झाले होते. तरी भारतात देवीचा शेवटचा रुग्ण सापडायला १९७५ उजाडले. लस असणे आणि लस घराघरांत पोचणे यात पावणेदोनशे वर्षे गेली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुण्यात सावित्रीमाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंतच्या मदतीने रुग्णसेवा सुरू केली. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. नारायण मेघाजी लोखंडेही प्लेगग्रस्तांची सेवा करताना १८९७ मध्ये गेले. मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस बनवून १८९७ च्या जानेवारीत आधी स्वतःला टोचून घेतली. आमच्या पेशात फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे नाव घेतात, घ्यावेच. त्यांनी भारतातल्या इंग्रज फौजेत दर हजारी ६९ सैनिक वर्षाला मरतात हे आकड्यांनी मांडून छावण्या स्वच्छ करायला लावल्या. पण छावणीच्या भिंतीबाहेरच्या वस्तीतल्या आजाऱ्याला पाठीवर घेणारी आमची परिचारिका सावित्रीमाई होती.

आणि प्लेगच्या आगेमागे मध्य प्रांतात दोन भयंकर दुष्काळ पडले, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चा. दुष्काळात माणूस उपासाने मरतो तसा उपासाने खंगलेल्या शरीरात शिरलेल्या रोगाने अधिक मरतो. आज रेशन आहे, अंगणवाडी आहे, शाळेत खिचडी आहे. तरी महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. भूक संपली, रक्त मात्र भरले नाही.

जुने रोग गेले, नवे आले

बाबासाहेबांचे घर पुन्हा आठवा. लहानपणी भावंडे गेली, तरुणपणी लेकरे गेली. आणि शेवटी बाबासाहेबांना स्वतःला कशाने पोखरले? मधुमेहाने आणि रक्तदाबाने. ६ डिसेंबर १९५६ ला ते गेले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. एका आयुष्यात आरोग्याचे दोन्ही काळ आले. आज आपण त्यातल्या दुसऱ्या काळात आहोत.

इथे माझी चूक सांगते. माझे बाबा गिरणीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांना तहान फार लागे, रात्री चारदा उठत. मी वॉर्डात दिवसभर लोकांची शुगर तपासायची आणि घरी येऊन म्हणायची, ''उन्हाचे दिवस आहेत, लागणारच तहान.'' पायाला चप्पल लागून जखम झाली, ती तीन आठवडे आम्ही हळदीवर काढली. दवाखान्यात नेले तेव्हा पाय काळा पडला होता. पाय कापला, तरी बाबा आठ महिनेच राहिले. पंधरा मिनिटांची तपासणी होती, फुकट होती, आणि ती घरातल्या नर्सने केली नाही. नोकरी सोडून मी वस्तीत काम करू लागले त्याचे कारण हेच आहे.

दुसरा रोग आपण विकत घेतो. नागपुरात पानठेल्यावर खर्रा घोटला जातो, बारा वर्षांचा पोरगाही खातो. तोंड उघडून बघा. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, तोंडात पांढरा-लाल चट्टा असेल, तिखट झोंबत असेल, तर दुसऱ्या दिवशी दंत महाविद्यालय किंवा मेडिकल गाठा. पंचशीलातले पाचवे शील दारूपुरते नाही.

तिसरा रोग रक्तातून आलेला आहे. सिकलसेल आपल्या विदर्भात, आपल्या समाजात अधिक आढळतो. त्यात कोणाचे पाप नाही. राणीच्या काळात याला नावच नव्हते. सांधे दुखून, पिवळे पडून लेकरू गेले की ''अंगाला लागत नव्हते'' एवढेच म्हणत. विहारातल्या त्या आजींच्या सासूच्या आठ लेकरांत अशीही काही असतील, कोण सांगणार? आज साधी रक्ततपासणी आहे. AS म्हणजे वाहक, तो आजारी नसतो. SS म्हणजे आजारी, त्याला कायम उपचार लागतात. नवरा-बायको दोघेही AS असतील तर दर गरोदरपणात बाळ SS होण्याची शक्यता चारात एक. आपण कुंडली सोडली, चांगले केले. आता लग्न ठरवण्याआधी रक्ताचा अहवाल बघा.

हिशोब अजून बरोबरीत नाही

एवढे बदलले म्हणून गप्प बसावे का? संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाच्या २०१८ च्या अहवालात एक आकडा आहे. २००४-०५ च्या पाहणीवरून त्यांनी काढले, की भारतात दलित बायांचे मरणाचे सरासरी वय ३९.५ होते आणि उच्च जातीतल्या बायांचे ५४.१. जवळजवळ पंधरा वर्षांचा फरक. लिव्हरपूलचा १८४२ चा आकडा आठवला ना? राणी जाऊन शंभर वर्षे झाली, तरी एकाच देशात दोन वयाची मरणे आहेत. हा फरक नशिबाचा नाही. पाणी, अन्न, काम, उशिरा पोचणारा दवाखाना आणि दवाखान्यात मिळणारी वागणूक, या सगळ्याची ती बेरीज आहे.

या महिन्यात घरी करायचे

१. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईजवळ वही घेऊन बसा. तिच्या सासूची, आईची, तिची स्वतःची किती बाळंतपणे, किती जगले, कोण कशाने गेले, लिहून काढा. शुगर, बी.पी., सिकलसेल, कॅन्सर घराण्यात आहे का ते याच वहीत कळेल. ही वही डॉक्टरांना दाखवा.

२. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने मनपाच्या आरोग्य केंद्रात शुगर आणि बी.पी. तपासून घ्यावी. उपाशीपोटी शुगर १२६ किंवा त्याहून जास्त, बी.पी. १४०/९० किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून उपचार सुरू करा. बरे वाटले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शुगरवाल्याने रोज रात्री पायाचे तळवे बघावेत.

३. जुलाब लागले की पहिल्या जुलाबापासून ओआरएस. लेकराला अंगावरचे दूध आणि जेवण चालू ठेवा, झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या. लेकरू सुस्त पडले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शेणात रक्त दिसले तर लगेच दवाखाना.

४. बाळाच्या नाळेला हळद, तेल, राख काहीही लावू नका. ती कोरडी राहू द्या.

५. गरोदर बाईने लोहाच्या गोळ्या रोज घ्याव्यात. गोळीबरोबर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

६. लग्नाच्या वयाच्या मुलामुलींची सिकलसेल तपासणी करून घ्या आणि कार्ड जपून ठेवा.

७. गल्लीत दोनहून अधिक घरांत जुलाब झाले तर नकाशा काढा, सह्या घ्या, अर्ज द्या, पोच घ्या.

विहारात त्या दिवशी उठताना आजी मला म्हणाल्या, ''बाई, माह्या सासूच्या त्या आठ लेकराइचं कुठं लिहून ठेवशील का?'' मी माझ्या वहीत लिहून घेतले. नावे नव्हती, म्हणून नुसते आठ आकडे लिहिले. आपापल्या घरची अशी लेकरे आपापल्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या पौर्णिमेला वह्या घेऊन विहारात या, सोबत बसून वाचू.

जयभीम. नमो बुद्धाय.